कुत्र्याला मास्तर

"आयकलंस का गो? बंगल्यावाल्यांनी कुत्र्याला मास्तर ठेवलाय!"

काकींनी कुंपणाच्या तारेवर गोधडी टाकता टाकता बातमी दिली आणि मी हातातलं सूप खाली ठेवलं. खारबावात बातमी दोन वाटांनी पोचते. एक, स्टेशनात वसई-दिवा मेमूची वाट बघत बसलेल्या बायकांकडून, दुसरी, काकींकडून. मेमूला उशीर होतो, काकींना होत नाही. (काकींची आगरी जशीच्या तशी उतरवली तर घाटावरच्या वाचकाला दुभाषा लागेल, म्हणून जरा मवाळ करून लिहितेय. ठसका ज्याने त्याने मनाने घालावा.)

"मास्तर? कुत्र्याला?"

"ठान्यावरनं येतो मोटारसायकलवर. कमरेला पिशवी, पिशवीत उकडलेली कोंबडी. पोराच्या शिकवनीचे पैसे द्यायला यांना महिना उलटतो, नि याला म्हने आगाऊ मोजले."

आमच्या भिवंडी तालुक्यात भातशेतीत गोदामं उभी राहिली आणि भाडं सुरू झालं, की पुढचा क्रम ठरलेला असतो. आधी बंगला, मग मोठी गाडी, मग लॅब्रॅडॉर. शेठनी पिल्लू आणलं तेव्हा ते टोपलीत मावत होतं. वर्षभरात तीस किलोच्या घरात गेलं, आणि रोज सकाळी शेठ कुत्र्याला फिरवतात की कुत्रा शेठना, यावर आळीत दोन तट पडले. एक गोष्ट मात्र शेठच्या बाजूने बोलायला हवी. चिंचोटी-अंजूरफाटा रस्त्यावर कंटेनर कसे धावतात आणि खड्डे चुकवायला कसे अंगावर येतात, ते इथल्या माणसाला सांगायला नको. त्या रस्त्याच्या कडेने असलं ओढाळ जनावर घेऊन जाणं म्हणजे चेष्टा नाही.

"मग मास्तर शिकवतो काय?"

"कायच नाय! तेच तर बोलते. मी ओटीवरनं बगते ना. कुत्रा ओढतो, हा खांब होऊन उभा. कुत्रा मागं वलून बगतो, दोरीला झोल पडतो, हा दोन पावलं चालतो. परत ओढलं, परत खांब. फाटकापासून पिंपलापर्यंत जायला अर्धा तास! शेठ वैतागला. बोलला, मास्तर, पैसे चालायचे घेता की उभं ऱ्हायाचे?"

माझा पुतण्या पायरीवर चहा पीत बसला होता, तो फिसकन हसला. तो परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकतो. १८८६ सालचं कॉलेज, पण खारबावाहून तिथे पोचायचं म्हणजे आधी दिवा गाठा, मग लोकल धरा. तासन् तास गाडीत काढून आलेला मुलगा घरी आल्यावर गप्प बसत नाही.

"मास्तर बरोबर करतोय, काकी," तो म्हणाला. "कुत्रा ओढतो कारण ओढल्यावर त्याला हवं तिथे पोचता येतं. खांबाचा वास घ्यायचाय, ओढलं, शेठ फरपटत मागे, वास मिळाला. म्हणजे शेठनी वर्षभर ओढायलाच शिकवलं की! आता ओढलं की रस्ता थांबतो आणि दोरी ढिली पडली की रस्ता चालू होतो, एवढं त्याला उमगलं की झालं. सुरुवात खरं तर अंगणातच करायची, जिथे दुसरं काही बघण्यासारखं नाही. रोज थोडा वेळ, कंटाळा यायच्या आत थांबायचं. रस्त्यावर नंतर."

"नि झटका मारला तर?"

"गळपट्ट्याला झटका मारला की तो उलट जोर लावतो आणि खोकत बसतो. त्यापेक्षा छातीवर कडी असलेला पट्टा बरा. ओढलं की आपोआप अंग वळतं, पुढचा जोर मोडतो. आणि ती बटण दाबून लांब होणारी दोरी फेकून द्यायची. ती कायम ताणलेलीच असते, मग ढिली दोरी म्हणजे काय हे त्याला कळणार कधी? साधी पाच-सहा फुटांची दोरी पुरे."

आतापर्यंत ओटीवर डोळे मिटून पडलेले काका उठून बसले. "यात नवीन ते काय?"

काकांनी बैलजोडी विकली त्याला जमाना झाला. आता चिखलणीला पॉवर टिलर येतो, भाड्याने आणि उशिरा. पण काकांच्या हातचे बैल पार पायेगावापर्यंत मागून नेत, हे मी सासऱ्यांकडून ऐकलंय. नवा खोंड ते कधी थेट नांगराला जुंपत नसत. आधी नुसतं जू मानेवर, सवयीला. मग जाणत्या बैलाच्या जोडीला, मागे लाकडाचा ओंडका. जाणता वळला की हा वळतो, जाणता थांबला की हा थांबतो. ओंडका ओढून ओढून बांध कुठे आणि वळण कुठे हे अंगात मुरलं की मग नांगर.

"नि कासरा असा," म्हणून त्यांनी रिकामा हात पुढे केला. कासरा नव्हताच, पण तो दोन बोटांत कसा सैल लोंबतो ते मला दिसलं. अंगठा नुसता वर टेकलेला, मनगट जेमतेम हललं असेल नसेल. "ताठ धरला तर बैल मान ताठ करतो. ढिला धरला तर कान आपल्याकडं ठेवतो." एवढं बोलून त्यांनी जिभेने टाळूवर 'टॉक्' केलं, आणि ओटीखाली निजलेला वाघ्या कान टवकारून बाहेर आला.

पुतण्याचे डोळे चमकले. हे 'टॉक्' म्हणे हल्ली डबीत मिळतं. बोटाने दाबायची छोटी डबी, कुत्र्याने सांगितलेलं केलं की त्याच क्षणी ती वाजवायची आणि मग खाऊ द्यायचा. आवाज म्हणजे 'बरोबर केलंस' अशी पावती. ही युक्ती गाजली ती समुद्रातून. अमेरिकेत हवाई बेटावर कॅरन प्रायर नावाच्या बाई डॉल्फिन शिकवायच्या. डॉल्फिनला ना दोरी बांधता येते ना छडी मारता येते, रागावलात तर तो सरळ तळाशी निघून जातो. मग शिट्टी आणि मासा. पुढे त्यांचं पुस्तक १९८४ साली आलं आणि ती युक्ती कुत्री पाळणाऱ्यांच्या हाती गेली.

"फरक एवढाच," तो काकांना म्हणाला, "तुमचं टॉक् म्हणजे 'चल', यांचं टॉक् म्हणजे 'बरोबर'."

"मासली दिल्यावर कोन शिकनार नाय?" काकी म्हणाल्या. "ह्या वाघ्याला मी सुक्या बोंबलाच्या तुकड्यावर बसायला शिकवलाय. बग!" आणि त्यांनी खरंच पदराआडून तुकडा काढला, वाघ्याच्या नाकासमोर धरून हळूच डोक्यावरून मागे नेला. नाक वर गेलं, बूड खाली टेकलं. "बस" हा शब्द काकी त्यानंतर बोलल्या. पुतण्याने कपाळाला हात लावला, पण पद्धतीला नव्हे, बोंबलाला. इतकं खारट खाणं कुत्र्याला चांगलं नाही. पद्धत अगदी पुस्तकातली होती म्हणे. तोंडाने बोलण्याआधी हाताने दाखवायचं, कारण कुत्रा आपल्या तोंडापेक्षा आपल्या अंगाकडे जास्त बघतो.

"बगलंस? वाघ्याला ना पट्टा ना मास्तर. काकांच्या पायाशी शेतावर जातो नि पायाशी परत येतो. नि तो बंगल्यातला?"

इथे मात्र मी काकींशी भांडले. वाघ्या पिल्लू होता तेव्हापासून दिवसभर काकांच्या मागे आहे. बांध, खळं, म्हशी, मेमूचा भोंगा, हळदीचा डीजे, सगळं त्याच्या अंगवळणी पडलंय. बंगल्यातला बिचारा चोवीसातले तेवीस तास फरशीवर. फाटक उघडलं की त्याला जग एकदम हवं असतं. तो ओढणार नाही तर काय करणार?

"तरी तो फरशीवर आहे," पुतण्या म्हणाला. "गोदामांच्या फाटकांवर बघा. हातभर साखळी, जन्मभर. १९६० चा प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धचा कायदा आहे ना, त्याच्या अकराव्या कलमात हे चक्क लिहिलंय. आखूड किंवा जड साखळीला वाजवीपेक्षा जास्त वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा. कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं हाही गुन्हा."

"अगो बाय! मग आमच्याकडचे निम्मे आत जातील."

"पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये."

काकी क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "एवढ्यात दोन वडापाव येतात."

पण खरी गंमत पुढे होती. मास्तरच्या हाती कुत्रा लोण्यासारखा चालायचा, मास्तरची मोटारसायकल फाटकाबाहेर गेली की पुन्हा पहिले पाढे. शेठना वाटलं फसवणूक. काकींचं निदान वेगळं होतं, आणि ते मला पटलं.

"घरात मानसं किती? शेठ बोलतो 'बस'. पोरगा विंग्रजी शाळेतला, तो बोलतो 'सिट'. पोरगी 'सिट सिट सिट सिट' असं देवाची आरती म्हनल्यासारखी. आजी बोलते 'हाड'. नि शेठानी काय बोलत नाय, सरल ताटातलं काढून घालते, कारन तो असा बगतो गो, असा बगतो! आता सांग, कुत्र्यानं कोनाचं आयकावं?"

एका कामाला एक शब्द, तोही एकदाच. दहादा म्हटलं तर तो दहाव्यांदाच बसायला शिकतो, असं पुतण्याने पुरवणी जोडली. आणि आजींचा विषय वेगळाच निघाला. कुत्रा चप्पल घेऊन पळाला की त्या गोड आवाजात "ये, ये, ये राजा" म्हणायच्या आणि तो जवळ आला की त्याच चपलेने हाणायच्या.

"मग तो येईल कशाला?" मी म्हटलं.

"माझी सासू अशीच हाक मारायची," काकी म्हणाल्या. "हाक आली की काम ठरलेलं. मी मग बहिरी व्हायची."

काकांनी दुसरीकडे बघितलं. सासू त्यांची आई.

'ये' म्हटल्यावर कुत्रा आला तर त्याने आधी काहीही करून ठेवलेलं असो, कौतुकच करायचं, हे मला त्या संध्याकाळी सगळ्यात कामाचं वाटलं. दिवाळीच्या फटाक्यांत इथली किती कुत्री उधळतात आणि रुळांकडे पळतात! तेव्हा हाकेला येणारा कुत्राच वाचतो. बाकीच्यांना त्या दिवसांत घट्ट पट्टा हवाच. तेव्हा ढिल्या दोरीचं तत्त्वज्ञान बाजूला ठेवावं.

"पन लॅब्रॅडॉर हुशार असतो म्हनतात ना?" काकींना शंका आली.

"झंजीर लॅब्रॅडॉरच होता," पुतण्या म्हणाला. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला, पुण्याला शिवाजीनगरच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकलेला. मार्च १९९३ च्या स्फोटांनंतर लपवलेली स्फोटकं त्याने हुंगून काढली. ३,३२९ किलो आरडीएक्स त्याच्या नावावर सांगतात. नोव्हेंबर २००० मध्ये तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला सलामी दिली. आणि स्फोटकं हुंगणाऱ्या कुत्र्याला शिकवतात काय, तर माल सापडला की भुंकायचं नाही, उकरायचं नाही, तिथेच शांत बसायचं. बंगल्यातला कुत्रा बिस्किटासाठी शिकतो तेच 'बस', तिथे माणसांचे जीव वाचवतं. शिवाय पोलिसांत कुत्र्याचा हस्तक ठरलेला असतो. कॅन्टीनवाल्यापासून साहेबांपर्यंत सगळ्यांनी हुकूम सोडायचे, असं तिथे चालत नाही.

"म्हंजे शेठनी हस्तक नेमावा."

"नेमलाय की," मी म्हटलं, कारण ही बातमी माझ्याकडे होती आणि काकींकडे नव्हती. असा योग वर्षातून क्वचित येतो. मी सूप उचललं, उगीच पाखडलं, आणि मग सांगितलं. मास्तरने जाताना बजावलं होतं की कुत्रा घरातल्या एकाने रोज फिरवायचा, शेठनी स्वतः फिरवला तर उत्तम. शेठनी ड्रायव्हरला पुढे केलं. ड्रायव्हर बलियाचा, सोशिक माणूस. त्याने मास्तरचं सगळं नीट उचललं. खांबासारखं उभं राहणं, डाव्या मांडीशी खाऊ देणं, वेळेत थांबणं, सगळं. आता कुत्रा त्याच्या बाजूने दोरीला झोल ठेवून पिंपळापर्यंत जातो आणि फाटकाशी न सांगता बसतो. फक्त हुकूम त्याने आपल्या भाषेत दिले. 'बइठ', 'आव', 'छोड़'.

"नि शेठ 'बस' बोलला की?"

"बघत राहतो त्यांच्याकडे."

काकींनी तारेवरची गोधडी पोटाशी धरली आणि हसायला लागल्या. "नि आता तो छठला गावी गेला असेल!"

"चार दिवस झाले. शेठाणी रोज सकाळी त्याला व्हिडिओ कॉल लावतात आणि फोन कुत्र्यासमोर धरतात. तो तिकडून 'बइठ' म्हणतो."

"मग? बसतो?"

"आधी फोनच्या मागे जाऊन बघतो, ड्रायव्हर कुठे लपलाय ते. मग बसतो. शेठ बाजूला वही घेऊन उभे असतात."