गाई, गुपित आणि गौप्यस्फोट

मराठी वृत्तवाहिन्यांवर रोज संध्याकाळी किमान एक गौप्यस्फोट होतो. निवडणुका आल्या की तासाला एक. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट मोजणारा आडत्या मात्र मान वर करून पाहत नाही. पडद्यावर जे आज फुटलं, त्याची चर्चा चहाच्या टपरीवर गेल्याच आठवड्यात होऊन शिळी झालेली असते.

एवढा स्फोटक शब्द मुळात निघाला गोठ्यातून. गाई राखणारा तो 'गोप'. या गोपावरूनच संस्कृतातला 'गुप्' धातू घडला, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. गुप्त, गुपित, गोपनीय, गोप्य ही सगळी त्याचीच पिलावळ. म्हणजे मंत्रालयातल्या 'अतिगोपनीय' फायलीचा मूळपुरुष हातात काठी घेतलेला गुराखी आहे! उरलेल्या 'स्फोटा'चं घरगुती रूप म्हणजे 'फोड'. गौप्यस्फोट झालेल्या पुढाऱ्याला नेमकं कुठे ठसठसतं, ते यावरून कळावं.

जुन्नर-आंबेगावच्या वाड्यावस्त्यांवर इतका जड शब्द कुणी उचलत नाही. तिथे बिंग फुटतं, पितळ उघडं पडतं, नाहीतर प्रकरण चव्हाट्यावर येतं. यांतलं पितळ आणि चव्हाटा या दोन्ही गोष्टी जुन्नरने दोन हजार वर्षांपूर्वीच दगडात कोरून ठेवल्या आहेत.

आधी चव्हाटा. कल्याण-सोपाऱ्याहून निघालेला माल नाणेघाट चढून जुन्नरला येई आणि पुढे पैठणकडे जाई. अशा वर्दळीच्या वाटेवर, घाटमाथ्याच्या लेण्यात, सातवाहनांची राणी नागनिका हिने घराण्याचा हिशेब भिंतभर कोरवला. यज्ञ कोणते झाले, दक्षिणा काय दिली, सगळं आकड्यांसकट. एका ठिकाणी कार्षापण नाण्यांचा आकडा 24,400 आहे. गाई तर हजारोंनी वाटलेल्या. ज्या गाईंच्या राखणीतून 'गुप्त' हा शब्द आला, त्यांचीच मोजदाद राणीने भर रस्त्यात मांडली! आजच्या उमेदवाराने आपलं मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र माळशेज घाटात कोरायचं ठरवलं, तर पहिला आक्षेप त्याच्या घरूनच येईल.

पितळेचंही तसंच. सोन्याचा मुलामा उडाला की पितळ उघडं पडतं. पण जुन्नरच्या एका शिलालेखात धातुकाम करणाऱ्या 'कासाकारां'ची श्रेणी, म्हणजे कासारांचा संघ, राजरोस हजर आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या संघाबरोबर या संघाकडेही धर्मादाय ठेव ठेवलेली होती. दुसऱ्या एका लेखात चिट नावाच्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिल्याची नोंद आहे. देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर दात्याचं नाव रंगवायची आपली हौस किती जुनी आहे, ते इथे दिसतं.

गंमत अशी, की हे सगळं उघड्यावर असूनही शतकानुशतकं कुणालाच वाचता येईना. ब्राह्मी लिपी विसरली गेली आणि लेणी पांडवांच्या नावावर चढली. पांडवांनी ती एका रात्रीत कोरली म्हणे; वनवासात त्यांना झोप मिळाली की नाही, कोण जाणे. 1837च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचा उलगडा केला. पुढे भगवानलाल इंद्रजींसारख्या पंडितांनी या लेखांवर डोळे शिणवले, आणि भिंत बोलू लागली. संस्कृत वैयाकरणांच्या मते शब्द ऐकताच मनात अर्थ उलगडतो, तो 'स्फोट'. त्या हिशेबाने नाणेघाटात झाला तो खरा गौप्यस्फोट, आणि त्यासाठी ना पत्रकार परिषद लागली, ना पेनड्राइव्ह.

या मुलखातले अलीकडचे गौप्यस्फोटही असेच बिनआवाजी. 2009 साली 'आजोबा' नावाच्या बिबट्याला जीपीएसचा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं. बिबट्या नेऊन सोडला की नव्या जागी रमतो, अशी समजूत होती. आजोबाने रेल्वेमार्ग ओलांडला, खाडी पार केली आणि थेट मुंबईचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान गाठलं. स्वतः चकार शब्द काढला नाही. पट्ट्याने मात्र पावलापावलाची चहाडी केली.

खोडदची रेडिओ दुर्बीण तर त्याहून लांबचं ऐकते. 45 मीटर व्यासाच्या तिच्या 30 तबकड्या आहेत. 2023 मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की सुमारे 880 कोटी वर्षांपूर्वी निघालेला एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा क्षीण संकेत तिने टिपला. इतकी जुनी बातमी 'ताजी' म्हणून देऊनही कुणी नाक मुरडलं नाही, असं हे एकमेव उदाहरण असावं.

आंबेगावने याच्या उलट केलं. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं, ते जुनं आंबेगावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि कारभार घोडेगावातून चालतो. एवढी मोठी गोष्ट झाकलेली असताना इतरांच्या किरकोळ लपवाछपवीला तालुक्याने नावं ठेवू नयेत, हे बरं.

नाणेघाटात हल्ली नवे लेखकही येतात. खिशातल्या किल्लीने ते बाण मारलेला बदाम कोरतात, दोन नावं लिहितात आणि घरच्यांपासून जपलेलं गुपित स्वतःच चव्हाट्यावर मांडतात. त्यांच्यासाठी एकच सूचना : संरक्षित स्मारक विद्रूप करणाऱ्याला कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि पुरावा म्हणून नाव तुम्हीच लिहून दिलेलं असतं.