नाद खुळा विभाग

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला आमची एक नम्र सूचना आहे. संगीत व नाट्यशास्त्राचा विभाग तिथे आहेच. आता जोडीला ‘न्यू मीडिया आर्ट व प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीत’ असा विभाग काढावा. यंत्रसामग्रीची आणि प्राध्यापकांची चिंता नको. गावातल्या तालमी-मंडळांनी ती सोय केव्हाच करून ठेवली आहे.

प्रायोगिक संगीत म्हणजे काय, असं कुणी विचारेल. ज्यात सूर हुडकावा लागतो, ताल सापडलाच तर तो योगायोग समजायचा आणि कार्यक्रम संपला की नाही हे शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवायचं, ते. परदेशात त्यासाठी शिष्यवृत्ती देतात. आपल्याकडे वर्गणी काढतात.

आपल्या देशात हा उद्योग १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत सुरू झाला. अमेरिकेतून मूग सिंथेसायझर आला आणि स्टुडिओ उभा करून द्यायला डेव्हिड ट्यूडर आले. हे तेच ट्यूडर, जे १९५२ साली जॉन केज यांची ४ मिनिटं ३३ सेकंदांची रचना सादर करायला पियानोपुढे बसले आणि एकही पट्टी न दाबता उठले. अहमदाबादेत मोजक्या मंडळींनी त्या यंत्रावर प्रयोग केले. टेपा मात्र पुढे कित्येक वर्षं संस्थेतच पडून राहिल्या. आमच्याकडे ही भीती नाही. आमची रचना ऐकली नाही असा माणूस गंगावेशीपासून राजारामपुरीपर्यंत शोधून सापडायचा नाही.

अभ्यासक्रम असा. पहिलं सत्र, बेस : कान झाकून छातीने ऐकणे. माडीवरच्या आजीच्या उशाशी ठेवलेल्या तांब्यातल्या पाण्यावर वर्तुळं उठली की विद्यार्थी पास. दुसरं सत्र, प्रकाश : लेसरची कलाकृती भिंतीवर उमटावी की बघणाऱ्याच्या बुबुळावर, याचं सौंदर्यशास्त्र. बहिस्थ परीक्षक नेत्रतज्ज्ञ. तिसरं सत्र, कायदा : २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल असे आकडे आहेत. हे उत्तीर्ण होण्यासाठीचे किमान गुण आहेत, असं आमचं घराणं मानतं.

प्रात्यक्षिक अनंत चतुर्दशीला, पापाची तिकटीला. दोन मंडळांच्या स्पीकरच्या भिंती समोरासमोर आल्या की दोन गाणी एकमेकांत अशी घुसतात की दोन्हींचा मूळ संगीतकार भेटला तरी त्याला आपलं गाणं ओळखता येऊ नये. याला युरोपात कोलाज म्हणतात. बाजूला पोलीस मीटर धरून उभे असतात. आकड्यात बोलणारा असा समीक्षक मराठीत दुसरा नाही.

कुणी म्हणेल, याच गावात शाहू महाराजांच्या पदरी अल्लादियाखाँ होते, त्याचं काय? त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अवकाशात गेली. तिथे हवा नाही, म्हणून आवाजही नाही. घराण्याला शांत जागा शोधायला इतकं लांब जावं लागलं, यातच सगळं आलं.

राहता राहिली पीएचडी. ज्यांच्या नावाने आपण स्पीकरच्या भिंतीला ‘डॉल्बी’ म्हणतो, त्या रे डॉल्बींनी १९६५ साली कंपनी काढली आणि पहिलं नाव कमावलं ते टेपवरची खरखर कमी करून. पहिला प्रबंध याच विषयावर व्हावा, असं आम्हाला वाटलं. म्हणून मिरवणुकीत ट्रॅक्टरवर चढून बटणांपाशी बसलेल्या भावी प्राध्यापकांच्या कानाशी तोंड नेलं.

“खरखर कमी करायची!” आम्ही ओरडलो.

“काय म्हंताय काका?”

“खरखर! कमी!”

“करतो की!” म्हणत त्यांनी बटण शेवटपर्यंत वर सरकवलं.

खोटं कशाला बोला, त्यानंतर खरखर अजिबात ऐकू आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काहीच आलं नाही.