दिवाळीपर्यंत नक्की

जून-जुलैत मराठी लेखक फार उदार असतो. पाऊस नुकताच लागलेला असतो, दिवाळी लांब असते आणि संपादकांची निमंत्रणं येऊ लागलेली असतात. मराठीत दर वर्षी काहीशे दिवाळी अंक निघतात. त्यामुळे मुखपृष्ठावर ज्याचं नाव बरं दिसतं, अशा माणसाकडे एकाच आठवड्यात एक कथा, एक परिसंवादातला लेख, एक स्मृतिलेख आणि एक ‘काहीतरी हलकंफुलकं’ अशा चार मागण्या सहज येतात. तो चौघांनाही ‘नक्की’ म्हणतो. यात लबाडी मुळीच नसते. सप्टेंबरमधला स्वतः त्याला डोळ्यांपुढे लख्ख दिसत असतो: पहाटे उठणारा, फोनकडे न बघणारा, सर्दी न होणारा, घरी पाहुणे न येणारा. या तपस्व्याच्या भरवशावर जूनमधला गृहस्थ चार लेख कबूल करतो. प्रत्यक्षात सप्टेंबर येतो तो गणपती, सोसायटीची वार्षिक सभा आणि घरभर फिरणारा ताप घेऊन. तपस्वी येतच नाही. येतो तो जूनमधलाच गृहस्थ, फक्त अधिक दमलेला.

ही खोड मराठी माणसाची खास मालमत्ता नाही. असती तर तिच्यावरही एखादा परिसंवाद होऊन गेला असता. गाल झॉबरमन आणि जॉन लिंच या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी २००५ साली दाखवून दिलं, की पुढे आपल्या हाती आजच्यापेक्षा जास्त पैसा असेल असं माणसाला फारसं वाटत नाही, पण वेळ मात्र भरपूर असेल असं ठामपणे वाटतं. पगाराबाबत आपण शहाणे असतो, घड्याळाबाबत भाबडे. त्याआधी १९९४ साली रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, की प्रबंध पुरा व्हायला किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. सगळंच बिनसलं तर? सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे मुद्दाम वाईटात वाईट कल्पना करा म्हटलं तरी माणसाची कल्पना वास्तवाइतकी वाईट होऊ शकत नाही. निराशावादी म्हणून आपली जी ख्याती आहे, ती या एका विषयात अगदीच खोटी ठरते.

इथवर कुणाची हरकत नसावी. माझं खरं म्हणणं याच्या पुढचं आहे. जास्त कामं अंगावर घेणारा माणूस म्हणजे स्वभावाने फार चांगला, भिडस्त, इतरांसाठी झिजणारा, अशी आपली समजूत आहे. ‘त्यांना नाही म्हणताच येत नाही हो’ हे आपण कौतुकाने सांगतो. मला ते कौतुकाचं कलम वाटत नाही. चौथ्याला दिलेला होकार माणूस स्वतःच्या खिशातून देत नसतो. पहिल्या तिघांच्या खात्यातून परस्पर उचल करून देत असतो. दातृत्वाचं श्रेय त्याला मिळतं आणि हप्ते ते तिघे फेडतात. त्यांना याची खबरही नसते, कारण त्यांना फक्त ‘चारच दिवस द्या’ एवढंच ऐकू येतं.

हे निव्वळ नीतिशास्त्र असतं तर सोडून देता आलं असतं, पण यामागे गणित आहे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला आणि मराठी लेखकांच्या वार्षिक धावपळीची सोय करून ठेवली. योगायोग असा, की त्याच वर्षी कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या आग्नेर क्रारुप एर्लांग या गणितज्ञाने फोन कसे अवचित, अनियमितपणे येतात यावर निबंध प्रसिद्ध केला. त्याच वाटेने पुढे रांगांचं गणित उभं राहिलं. त्या गणितातलं अगदी साधं सूत्र सांगतं, की कामं अवचित येत असतील आणि कोणतं किती वेळ खाईल हे आधी ठाऊक नसेल, तर निम्मा वेळ बांधलेल्या माणसाकडे आलेल्या नव्या कामाला सरासरी एका कामाएवढी वाट पाहावी लागते. ८० टक्के वेळ बांधला की चार कामांएवढी. ९० टक्क्यांना नऊ. ९५ टक्क्यांना एकोणीस. शेवटचे ते पाच टक्के बघा. ‘एवढंसं तर आहे, घेऊन टाकू’ म्हणून घेतलेलं ते एवढंसं सगळ्या रांगेची वाट दुपटीहून लांबवतं. नऊ लेखांएवढी वाट बघणारा संपादक चिडतो, एकोणीस लेखांएवढी बघणाऱ्याचा अंक तोवर छापून, वाचून, रद्दीत गेलेला असतो. तेव्हा आठवड्यात थोडी जागा रिकामी ठेवणं हा चैनीचा किंवा अध्यात्माचा विषय नाही. कबूल केलेलं काम वेळेवर द्यायचं असेल, तर ती रिकामी जागा हा त्या कामाचाच भाग आहे.

यावर पहिला आक्षेप थोरामोठ्यांचा दाखला घेऊन येतो. धोंडो केशव कर्व्यांनी किती संस्था काढल्या! त्यांना नाही जमलं का? जमलं, आणि कसं जमलं ते बघण्यासारखं आहे. १८९६ साली आश्रम, १९०७ साली महिला विद्यालय, १९१६ साली महिला विद्यापीठ, १९३६ साली ग्रामीण प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ, १९४४ साली समता संघ. एकामागून एक, मध्ये वर्षांची अंतरं सोडून. कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत, हे इथे विसरू नये. शिवाय ते १०४ वर्षं जगले. आपल्या वेळापत्रकात तशी तरतूद असेल तर पाच संस्थांना खुशाल होकार द्यावा. फक्त पाचही एकाच गुरुवारी नकोत.

दुसरा आक्षेप कष्टाळू लोकांचा. ते म्हणतात, मोकळा वेळ ठेवला तरी तो मोकळा राहतो कुठे? सिरिल नॉर्थकोट पार्किन्सनने १९५५ सालीच ‘द इकॉनॉमिस्ट’मध्ये लिहून ठेवलंय, की हाताशी जेवढा वेळ असेल तेवढं काम फुगतं. अगदी खरं. पण मग चार लेख एकत्र घेतल्याने ते आक्रसतात असं थोडंच आहे? चारही फुगतात, आणि एकमेकांच्या अंगावर फुगतात. काम फुगणारच असेल तर एका वेळी एकच फुगलेलं बरं.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. सगळेच मर्यादा आखून बसले तर मंडळाची वर्गणी कोण जमवणार, सोसायटीचा सचिव कोण होणार? महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. पुष्कळ ठिकाणी ती गणसंख्येअभावी तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, त्याच खुर्च्यांवर, गणसंख्येची अट न लावता भरते. तो अर्धा तास चहासाठी असतो असा बऱ्याच सभासदांचा समज आहे. मग सचिवपदासाठी नाव सुचवा म्हटल्यावर सगळे मोबाइलमध्ये डोकं घालतात, आणि ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही असा एकजण वर बघतो. झाला सचिव. पुढे तोच खजिनदार, तोच पाण्याच्या टाकीचा, तोच पार्किंगच्या भांडणांचा. त्याच्या भिडस्तपणामुळे संस्था चालते हे खरं, पण बाकीच्या चाळीस घरांना मोबाइल बघत बसण्याची मुभा मिळते तीही त्याच भिडस्तपणामुळे. भीड भिकेची बहीण, असं जुनी माणसं म्हणत. ती दुसऱ्यांच्या आळसाची मावशीही आहे. त्या एकाने एका वर्षी खरोखर नकार दिला तर गोंधळ होईल, दोनदा टाकी रिकामी राहील, आणि तिसऱ्यांदा कुणीतरी वर बघेल. हा माझा अंदाज आहे, सिद्धान्त नाही. पण टाकी रिकामी असताना मोबाइलमध्ये फार काळ जीव रमत नाही, एवढा भरवसा मला आहे.

उरतो तो प्रश्न नात्यांचा. समोरच्याला वाईट वाटेल त्याचं काय? इथे मला आपल्या पंगतीचा पुरावा पुरेसा वाटतो. ‘पोट भरलं’ असं सांगणाऱ्या पाहुण्याचं यजमान कधीच ऐकत नाहीत. पोट भरण्यावर वाद घालता येतो आणि घातलाही जातो. पण ‘आज चतुर्थी आहे’ म्हटलं की आग्रहाचा वाडगा जागच्या जागी थांबतो. कुणी रागावत नाही, उलट मान वाढतो. फरक इतकाच, की पोट भरल्याचा निर्णय पाहुण्याने त्या क्षणी, त्या यजमानापुरता घेतलेला असतो. चतुर्थी आधीपासून ठरलेली असते आणि सगळ्यांना सारखीच लागू असते. पितृपंधरवड्यात नवं काम हाती न घेणाऱ्याला कुणी आळशी म्हणत नाही, तेही याचमुळे. म्हणून ‘या वर्षी जरा गडबड आहे’ हा नकार टिकत नाही. गडबड कुणाला नसते, असं म्हणून संपादक मुदत पंधरा दिवस वाढवून देतात. ती वाढवता यावी म्हणूनच मुळात पंधरा दिवस अलीकडची सांगितलेली असते. ‘मी वर्षाला दोनच अंकांसाठी लिहितो, दोन झाले’ हा नकार टिकतो.

निदान पहिला धक्का तरी तो सोसतो. मग पलीकडून विचारणा येते, ‘बरं, लेख राहू दे, निदान एखादं छोटंसं स्फुट?’ ही उपासाच्या दिवशी पुढे येणारी साबुदाण्याची खिचडी आहे, आणि भले भले तिलाच फसतात. कारण लेखाला विषय लागतो, वेळ लागतो, हे निदान सर्वांना कबूल असतं. स्फुटाला यातलं काही लागत नाही असं मानलं जातं, त्यामुळे ते लिहायला वेळ कुणी काढून ठेवत नाही आणि नोव्हेंबर उजाडला तरी ते एका ओळीपुढे सरकत नाही. तेव्हा लेखाच्या बाबतीत एखाद्या वेळी सवलत देता येईल. स्फुट मात्र मुळीच नाही.