हमीभाव आणि निष्कर्ष

पुतणीनं अकरावीला तर्कशास्त्र घेतलं. घरात आधीच वाद कमी नव्हते. शिकवणी माझ्याकडे आली, कारण शेलूबाजारच्या चौकात चहा पीत भांडण्याचा माझा अनुभव दांडगा. पुस्तक म्हणतं, आधी आधारविधानं, मग त्यांतून निष्कर्ष. आमच्या चौकात निष्कर्ष घेऊनच माणूस येतो. आधारविधानं लागलीच तर चहा येईपर्यंत सुचतात.

"आवक वाढली का भाव पडते. भाव पडला. म्हंजे आवक वाढली," मी सोयाबीनवरून तिला 'जर-तर' समजावलं. ती म्हणाली, "काका, उत्तरांग खरं म्हणून पूर्वांग खरं ठरत नाही. बाहेरून स्वस्त तेल आलं तरी भाव पडतो." मार्केटात मी माझं हेच अनुमान वर्षानुवर्षं ऐकवत आलोय आणि सगळे माना डोलावत आलेत.

आपल्याकडचं तर्कशास्त्र बरं, म्हणून मी गौतमांच्या न्यायसूत्रांकडे वळलो. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन असे अनुमानाचे पाच अवयव. डोंगरावर धूर, म्हणून डोंगरावर आग. जिथं धूर तिथं आग, जसं चुलीपाशी. हे आमच्या आईला न शिकवता येतं. एका सकाळी ती ओरडली, "धावा रे, वावरात धूर दिसून राह्यला, सुडी पेटली!" अख्खी गल्ली बादल्या घेऊन पळाली. सुडी गार, वर नुसती धुवारी. धूर समजून धुकं धरलं तर हेतूच असिद्ध, हा हेत्वाभास. पण हे आईला सांगणार कोण?

पोरीचं मन मात्र वैधतेवर बसलं. 2024-25 च्या हंगामात तिनं वहीत लिहिलं : ज्याची हमी असते ते मिळतंच. सोयाबीनला यंदा क्विंटलला 4,892 रुपयांची हमी आहे. म्हणून 4,892 मिळतातच. मी तपासलं. युक्तिवाद चोख वैध, कुठं फट नाही. पहिलं विधान तेवढं खोटं. वैध असणं वेगळं आणि सत्य असणं वेगळं, हा धडा पुस्तकात कितीतरी पानं खातो; आमच्याकडं एका काट्यावर संपतो.

वही घेऊन ती माझ्यासोबत मालाच्या गाडीवर बसली. मार्केटात अडत्यानं ओलावा पाहिला, बोली हमीभावाच्या बरीच खाली लावली. पोरीनं तीन विधानं वाचून दाखवली. त्यानं शांतपणे ऐकली आणि माझ्याकडे वळला, "भाऊ, माल खाली करू का वापस नेता?"

"वैकल्पिक विधान," पोरगी पुटपुटली आणि वहीत लिहून घेतलं.