दोन कूलरांचा उन्हाळा

नागपुरात ‘कूलर’ या शब्दाला एकच अर्थ आहे. पत्र्याची चौकोनी पेटी, तिन्ही अंगांना वाळ्याच्या ताट्या, पोटात पाणी, आणि समोर असा एक पंखा, की ज्याच्या घरघरीत घरातली निम्मी भांडणं ऐकूच येत नाहीत. होळी झाली की वर्षभर गोणपाट पांघरून खिडकीबाहेर बसलेली ही पेटी जागी होते. बाबा तिला घासतात, गंजलेल्या कोपऱ्यांना रंग लावतात, नव्या ताट्या बांधतात आणि पहिलं पाणी सोडून डोळे मिटून वास घेतात. त्या वेळी त्यांचा चेहरा आरती संपल्यावर निरांजनावरून हात फिरवणाऱ्या माणसासारखा असतो. त्यामुळे मार्चमधल्या एका दुपारी जेवताना मी सहज म्हणालो, ‘‘दोन-तीन हजारांपर्यंतचा एक कूलर घ्यावा म्हणतो,’’ तेव्हा त्यांचा घास वाटेतच थांबला.

‘‘काहून? आपला बिघडला काय?’’

‘‘तो नाही बाबा. कॉम्प्युटरसाठी.’’

बाबांनी वरणभात कालवत थोडा विचार केला. ‘‘त्यालाही गरम होऊन राहिलं?’’ त्यांच्या स्वरात थट्टा नव्हती. शेजारच्या आजाऱ्याची चौकशी करावी तशी ती चौकशी होती.

खरं तर त्याला गरम होत नव्हतं. आम्ही करणार होतो. माझा संगणक म्हातारा. त्यातला प्रोसेसर, इंटेलचा आय 5-2500 के, 2011 च्या जानेवारीत बाजारात आला. नवा घ्यावा तर मन होत नव्हतं आणि जुना चालवावा तर तो बसल्या जागी पेंगायचा. अशा वेळी भाच्याने त्याच्या नावातल्या शेवटच्या अक्षराकडे बोट दाखवलं. ‘‘मामा, हा के आहे, के! याला कुलूपच नाही. तुम्ही इतकी वर्षं नुसता चालवून राहिले, याला पळवलाच नाही.’’ इतक्या वर्षांच्या सहवासानंतर आपल्या घरातलं कुणी मूळचं धावपटू आहे हे कळावं, तसा मी त्या पेटीकडे पाहत राहिलो. कंपनीने त्याला 3.3 गिगाहर्ट्‌झची चाल लावून दिली होती, म्हणजे सेकंदाला 330 कोटी ठोके. ती 4.2 पर्यंत सहज नेता येईल, असं भाच्याचं म्हणणं. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. आता माझा सगळा उद्योग लिहिण्याचा. एका विशेषणासाठी मी अर्धा तास खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे बघतो. तेवढ्या वेळात त्या बिचाऱ्याचे जवळपास सहा लाख कोटी ठोके वाया जातात. ते साडेसात लाख कोटी झाले म्हणून विशेषण लवकर सुचेल, अशी काही चिन्हं नव्हती. पण वेगाचा मोह असा, की स्कूटरवर कधी चाळीसच्या पुढे न गेलेला माणूसही विकत घेताना काट्याच्या शेवटचा आकडा वाचतोच.

मात्र वेगाबरोबर ताप येतो, आणि तो सरळ हिशेबाने येत नाही. वेग वाढला की उष्णता तेवढ्याच पटीत वाढते. पण वेग पेलवण्यासाठी विजेचा दाब वाढवावा लागला, तर तो हिशेबात वर्गाने येऊन बसतो. वेग सव्वापट आणि दाब दहा टक्के जास्त, एवढ्यात ताप दीडपट. घरात एका पाहुण्याला बोलवावं आणि त्याच्यामागून त्याची मुलंबाळं, सासू आणि तिची पथ्यं यावीत, तसलं ते गणित. प्रोसेसरसोबत फुकट मिळालेला ॲल्युमिनियमचा गोल पंखा या गोतावळ्यापुढे केविलवाणा दिसू लागला. लग्नात सोबत आलेल्या स्टीलच्या पेल्यासारखा तो इतकी वर्षं इमानाने टिकला होता, पण पंगत वाढायला तो पुरणार नव्हता.

मग निवड सुरू झाली, आणि माझ्या लक्षात आलं की स्वस्त वस्तू निवडायला महागडा वेळ लागतो. नॉक्चुआ या ऑस्ट्रियन कंपनीचे दुहेरी मनोरे पाहिले. किलोभराच्या आसपास वजन, आणि पंखे तपकिरी-बिस्किटी. एखाद्या जुन्या सरकारी शाळेचा गणवेश घालून आल्यासारखे. किंमत पाहून मी त्यांना नमस्कार केला. पाणी खेळवणारे कूलर पाहिले. पेटीच्या आत पाणी, ही कल्पना ज्याचं घर जुलैत चार ठिकाणी गळतं त्याला मानवत नाही. शेवटी गाडी आली ती गरिबांच्या जुन्या कैवाऱ्यावर, कूलर मास्टरच्या हायपर 212 वर. चार नळ्या, त्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची चळत, आणि बारा सेंटीमीटरचा एकच पंखा. उंची सोळा सेंटीमीटरच्या आसपास, म्हणून सीताबर्डीच्या बाजारात जाण्याआधी संगणकाची पेटी मोजणं आलं. बाबांनी कपाटातून लाकडी फूटपट्टी काढली, चष्मा कपाळावर सरकवला आणि स्थळ पाहायला आल्यासारखं पेटीचं माप घेतलं. ‘‘बसते,’’ ते म्हणाले. ‘‘पण बोटभरच जागा उरते. जास्त जेवू घालू नको.’’

त्या नळ्यांनी मला गुंगवलं. बाहेरून नुसतं तांबं, आत मात्र हवा काढून घेतलेली पोकळी आणि थेंबभर पाणी. दाब इतका कमी, की प्रोसेसरच्या तापानेही ते पाणी उकळतं, त्याची वाफ होऊन वरच्या गार टोकाला जाते, तिथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून झिरपत खाली परत येते. ना पंप, ना मोटार. 1963 मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी अशी नळी करून दाखवली आणि पुढे ती अवकाशयानांतही गेली. मला मात्र आठवला तो आजीचा माठ. तिवईवर, ओल्या फडक्यात गुंडाळलेला, अंगाला बारीक घाम आलेला. तोही हेच करायचा: थोडं पाणी उडून जाऊ द्यायचा आणि त्याच्याबरोबर उष्णता पाठवून द्यायचा. खिडकीतली वाळ्याची पेटीही तेच करते. माठ, पेटी आणि ही नळी, तिघं एकाच कुळातली. फरक एवढाच, की माठातलं पाणी कायमचं निघून जातं, आणि नळीतलं, सासुरवाशिणीसारखं, निरोप पोचवून पुन्हा त्याच तापात परत येतं.

नवा कूलर बसवायच्या रात्री बाबांनी विजेरी धरली. या कूलरचा सांगाडा मदरबोर्डच्या पाठीमागून कसावा लागतो, म्हणजे संगणकाला आधी पुरता उलगडावा लागतो. जेवणाच्या टेबलावर त्याचे अवयव पसरले होते आणि भाचा फोनवरून सूचना देत होता. प्रोसेसरच्या पाठीवर थर्मल पेस्ट लावायची वेळ आली. धातूवर धातू कितीही घट्ट दाबला तरी मध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या फटी राहतात, त्यांत हवा अडकते आणि हवा उष्णता नेण्यात आळशी. म्हणून तो राखाडी लेप. ‘‘मामा, वाटाण्याएवढाच,’’ भाचा बजावत होता. बाबा म्हणाले, ‘‘वाटाणा ताजा का वाळलेला?’’ आणि मग जरा वेळाने, विजेरी न हलवता, ‘‘तुला गोवर निघाला होता तेव्हा तुझी आई कपाळावर चंदन लावायची. ती पण असंच मोजून लावायची. सहाण फार झिजू नये म्हणून.’’ मी काही बोललो नाही. लेप मध्यभागी ठेवला आणि कूलर हलकेच टेकवला. चौथा स्क्रू बसेपर्यंत रात्रीचे बारा वाजले होते आणि विजेरी धरलेला हात जरासुद्धा खाली आला नव्हता.

संगणक 4.2 वर पळू लागला. एप्रिल आला. दुपारी खोलीतला पारा चाळिशीला टेकला आणि भाच्याने सांगितलेली कसोटी लावली, की पडद्यावरचा आकडा पंचाहत्तरच्या पुढे जायचा. तसा धोका नव्हता. शंभराच्या अलीकडेच हा प्रोसेसर आपली चाल आपणच आवरतो. पण बाबा तो आकडा रोज विचारू लागले, आणि ताप मोजला की घरात काळजी येतेच. एके दिवशी त्यांनी विचारलं, ‘‘तुझा कूलर याला खोलीपेक्षा गार करू शकते का?’’

‘‘नाही बाबा. तो गारवा तयार करत नाही. फक्त त्याचा ताप उचलून खोलीत टाकतो. खोली जेवढी गरम, त्याच्या वरच याचा आकडा राहणार.’’

‘‘मग सोपं आहे. खोलीच गार कर.’’

इथे आमच्या घराचा एक जुना कायदा सांगायला हवा. दुपारी वाळ्याचा कूलर लावायचा नाही. वीज जळते, पाणी लागतं, आणि दुपारी आडवे होतात ते एकटे बाबा. ‘‘एकट्यासाठी कशाला?’’ हे त्या कायद्याचं एकमेव कलम. आई गेल्यापासून त्यात दुरुस्ती झालेली नाही. पंख्याखाली, ओला पंचा छातीवर टाकून ते दुपार काढतात. पण त्या दिवसापासून बारा वाजले की माझ्या खोलीतल्या खिडकीतला कूलर सुरू होऊ लागला, कॉम्प्युटरसाठी. टाकीत बादल्या ओतल्या जाऊ लागल्या, कॉम्प्युटरसाठी. आणि तो नीट चालतोय ना हे पाहायला कुणीतरी हवं, म्हणून बाबा तिथेच चटई टाकून पडू लागले. खोलीचा पारा एकतिसावर आला, प्रोसेसरचा आकडा तेवढ्याच अंशांनी उतरला, आणि वाळ्याच्या वासात, घरघरीच्या तालावर, आमचे बाबा दोन-दोन तास गाढ झोपू लागले. जाग आली की पहिला प्रश्न, ‘‘किती आहे आता?’’

‘‘सहासष्ट.’’

‘‘बरं आहे,’’ असं म्हणून ते कूस बदलायचे.

मेच्या मध्यावर संगणक एका सकाळी उठला तो आपण 2011 च्या पहिल्या जानेवारीत आहोत असं समजून. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता; त्याच्याबरोबर त्याची स्मृतीही गेली होती. मी नवा सेल घातला, तारीख दुरुस्त केली आणि लिहायला बसलो. आठ-दहा दिवसांनी सहज पाहिलं, तर तारखेबरोबर सगळंच मूळपदाला गेलं होतं. तो पुन्हा आपल्या जुन्या 3.3 वर चालत होता, सावकाश आणि थंड, आणि एवढ्या दिवसांत मला त्याचा पत्ताही लागला नव्हता. विशेषणं पूर्वीइतक्याच उशिरा सुचत होती.

वेग पुन्हा वाढवणं दोन मिनिटांचं काम. मी ते केलं नाही. बाहेर नवतपा, कडक उन्हाचे ते नऊ दिवस, सुरू झाला होता. खिडकीत कूलर घरघरत होता, चटईवर बाबा झोपले होते, आणि ओल्या वाळ्याच्या वाऱ्याने त्यांच्या पांढऱ्या केसांची एक बट सारखी उडत होती. मला बघून त्यांनी अर्धवट डोळे उघडले.

‘‘किती आहे?’’

पडद्यावर बावन्न होतं.

‘‘सत्तर,’’ मी म्हणालो. ‘‘जरा जास्तच आहे आज.’’

‘‘मग राहू दे चालू,’’ ते म्हणाले आणि पुन्हा झोपले.