ॲव्हरेज काढावं कसं?
जुन्या डिझेल गाडीच्या नवशिक्या मालकांसाठी पायरीवार मार्गदर्शन

हे मार्गदर्शन कोणासाठी? ज्यांच्या गाडीची पंधरा वर्षं भरली आहेत, आरटीओतून जिला आणखी पाच वर्षांचं आयुष्य मागून आणलं आहे, जी खंबाटकीच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्येही धापा टाकते, आणि ज्यांना लग्नकार्यात साडू भेटतो, त्यांच्यासाठी. साडू नसल्यास मेहुणा किंवा ऑफिसातला शेजारच्या टेबलावरचा गृहस्थ चालेल. अट एकच: त्याची गाडी बावीस देत असली पाहिजे.

साहित्य: जुनी डिझेल गाडी १. पन्नास पानी वही १. उमटणारं पेन १ (गाडीत असतं ते नव्हे). टायरची हवा मोजायचा गेज १. पारदर्शक प्लॅस्टिकची बाटली १. जुनी बनियनं २. उजवा पाय १, तो शेवटाकडे लागेल. पैसे सुरुवातीला भरपूर, नंतर अगदी थोडे.

पायरी १: चुका आधी उरकून घ्या

नवशिक्यानं थेट बरोबर गोष्टीला हात घालू नये. मनात कायमची चुटपुट राहते की तो लोहचुंबक लावला असता तर? म्हणून आधी लोहचुंबक लावून टाका. डिझेलच्या पाइपाला दोन्ही बाजूंनी पकडून बसणारी ही जोडी बाराशे रुपयांना मिळाली. डिझेलला चुंबकाचं सोयरसुतक नसतं, ते तसंच पुढे निघून जातं. सध्या आमचे चुंबक फ्रिजवर दुधाचं बिल धरून ठेवतात आणि ते काम चोख करतात.

मग टाकीत टाकायच्या गोळ्या. मग एका मित्राच्या सल्ल्यानं टू-टी ऑइल. सर्वांत शेवटी पंप ‘वाढवून’ घ्या. जुन्या मेकॅनिकल पंपाला डिझेलचं कमाल प्रमाण ठरवणारा स्क्रू असतो, तो आत पिळला की इंजिनात जास्त डिझेल जातं. पिकअप खरंच सुधारतो. चार दिवस आपण सिग्नलला रिक्षांना मागं टाकतो. पाचव्या दिवशी मागच्या स्कूटरवाल्या काकू रुमाल नाकाला लावून आपल्याशेजारी येतात आणि काचेवर टकटक करतात. पुढचा संवाद मार्गदर्शनाच्या कक्षेबाहेरचा आहे. स्क्रू होता तिथं परत आणा.

पायरी २: ॲव्हरेज काढा

‘ॲव्हरेज काढणं’ याचे मराठीत दोन अर्थ आहेत: गाडीकडून ते मिळवणं आणि वहीत त्याचं गणित मांडणं. पहिल्या अर्थावर आपला जीव असतो, दुसऱ्याकडे कोणी फिरकत नाही. म्हणून काटा कुठून कुठे आला यावर अंदाज बांधतात. काट्याचं खरं मानू नये, टाकीचा आकार वेडावाकडा असतो आणि काट्याचा स्वभावही.

पद्धत अशी. टाकी फुल करा, नॉझल पहिल्यांदा कट झाला की थांबा. ‘राउंड फिगर करू का’ या प्रश्नाला नाही म्हणा. किलोमीटर लिहा. नेहमीसारखी गाडी चालवा. तीन-चारशे किलोमीटरनंतर त्याच पंपावर, शक्यतो त्याच मशीनवर पुन्हा पहिल्या कटपर्यंत फुल करा. झालेले किलोमीटर भागिले आता भरलेले लिटर. पंपावर कमी माप मिळतंय अशी शंका असेल तर पाच लिटरच्या प्रमाणित मापानं मोजून दाखवा असं म्हणायचा ग्राहकाला हक्क आहे. मी म्हटलं. माप बरोबर भरलं. संशय घ्यायला आता गाडी आणि मी असे दोघंच उरलो.

माझं पहिलं उत्तर: ४१२ किलोमीटर, २९.८ लिटर. म्हणजे १३.८. हा आकडा मी वहीत इतक्या बारीक अक्षरात लिहिला की पुढच्या वेळी मलाच सापडेना.

पायरी ३: गाडीला श्वास घेऊ द्या

थोडं शास्त्र. पेट्रोलच्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की हवेची झडप उघडते. जुन्या डिझेलमध्ये अशी झडप नसते. इंजिन कायम छातीभर हवा ओढतं, ती साधारण वीसपट दाबतं, त्या दाबानं हवा इतकी तापते की आत फवारलेलं डिझेल ठिणगीवाचून पेटतं. आपला पाय फक्त डिझेल किती ते ठरवतो. हवा कमी पडली तर डिझेल अर्धवट जळतं आणि उरलेलं काळं होऊन मागून जातं. रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्गला तपासलं गेलं तेव्हा त्यानं इंधनातली २६ टक्के ऊर्जा कामाला लावली, आणि त्या काळी तो चमत्कार होता. उरलेले ७४ टक्के तेव्हाही वायाच गेले. त्यात आपण आणखी भर घालू नये, इतकंच.

तर एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा काढा. माझ्या डब्यात सापडलेला ऐवज असा: कडुनिंबाची वाळलेली पानं, शेंगदाण्याची टरफलं, सीटच्या फोममधून आणलेली मऊ गादी आणि त्या गादीवर अंथरलेली, कडा कुरतडलेली गणपतीच्या वर्गणीची पावती. पावती माझ्याच नावाची, एकशे एक रुपयांची. बाप्पाच्या वाहनानं माझ्या वाहनात संसार मांडला होता आणि भाडं मीच आगाऊ भरलं होतं.

कागदी फिल्टर हवा मारून एक-दोनदा साफ होतो, नंतर बदलायचा. धुवायचा नाही. माझ्या हातून एकदा धुतला गेला. तो वाळल्यावर पापडासारखा दिसत होता.

पायरी ४: पाणी काढा

डिझेल फिल्टरच्या बुडाशी पाण्यासाठी एक स्क्रू असतो. त्याखाली बाटली धरून तो सैल करा. बाटली पाच मिनिटं ठेवून दिलीत तर खाली पाण्याचा गढूळ थर आणि वर डिझेल असं स्पष्ट दिसतं. डिझेल हलकं, पाणी जड. हे पाणी पंपात आणि नॉझलमध्ये गेलं तर गंज धरतो आणि मग खर्चाचा आकडा वहीत मावत नाही.

इथं एक इशारा. टाकी कोरडी करून ‘शेवटच्या थेंबापर्यंत किती जाते’ हे पाहू नका. पेट्रोलची गाडी पेट्रोल संपल्यावर पुन्हा भरलं की चालू होते. डिझेलची ‘एअर धरते’. मग भर उन्हात बॉनेट उघडून, फिल्टरवरचा हातपंप दाबत, बुडबुडे संपून सलग धार येईपर्यंत एअर काढत बसावं लागतं. शिरवळच्या अलीकडे मी तो हातपंप दाबत असताना घरच्या मंडळींनी समोरच्या टपरीवर दोनदा चहा घेतला. त्याचे पैसे धरले तर त्या दिवसाचं ॲव्हरेज सहा.

पायरी ५: थोडा ताप येऊ द्या

माझ्या गाडीचा टेंपरेचरचा काटा कधी तळ सोडत नसे. ‘आपली गाडी अजिबात गरम होत नाही’ असं मी अभिमानानं सांगत असे. कारण नंतर कळलं: फार पूर्वी एका मेकॅनिकनं ‘आपल्याकडं गरमी असते, याची काय गरज’ म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकला होता. ही झडप इंजिन ऐंशीएक अंशांपर्यंत तापेस्तोवर पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ती नसेल तर इंजिन कायम हिवात कुडकुडतं, डिझेल नीट जळत नाही, ऑइल घट्ट राहतं. गाडी गरम होऊ नये ही काळजी बरोबर, पण आंघोळीचं पाणीसुद्धा आपण कोमट झाल्याशिवाय घेत नाही. नवा थर्मोस्टॅट बसवला. काटा मध्यावर आला तेव्हा मी घाबरून गाडी बाजूला घेतली.

पायरी ६: चाकं फिरतात का पाहा

टायरमध्ये हवा किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. वीस वर्षं आपण ते दार उघडतो आणि वाचत नाही. टायर थंड असताना, सकाळी हवा तपासा. माझ्या चारपैकी तीन टायरांत कमी होती आणि स्टेपनीत अजिबात नव्हती.

मग दहा किलोमीटर फिरून या आणि चारही रिमांजवळ हात न्या. एक रिम बाकीच्यांपेक्षा जास्त तापली असेल तर तिथं ब्रेक पकडतोय. आपण ॲक्सिलरेटर देतोय आणि मागून ब्रेक धरून ठेवतोय, असा तो संसार असतो. माझी डाव्या बाजूची पुढची रिम इतकी गरम होती की तिच्यावर पापड भाजता आला असता (पायरी ३ मधला नव्हे).

पायरी ७: धूर वाचायला शिका

काळा धूर: हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा: ऑइल जळतंय. गरम इंजिनातूनही न थांबणारा पांढरा: डिझेल न जळता बाहेर येतंय किंवा कुलंट आत शिरतंय. सगळ्या रंगांचा एकदम आला तर गाडी विका. काळा धूर एअर फिल्टर बदलूनही राहिला तर नॉझल टेस्टिंगला द्या. चांगला नॉझल धुक्यासारखा फवारतो, खराब नॉझल नळासारखा गळतो. पीयूसीच्या यंत्रावर बीएस फोरच्या आधीच्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा ६५ एचएसयू आहे. पास होणं म्हणजे पस्तीस मार्क मिळवणं, पहिला नंबर नव्हे.

या टप्प्यावर दुसरं माप: ४६६ किलोमीटर, २८.९ लिटर. १६.१. मोठ्या अक्षरात लिहिलं.

पायरी ८: उजवा पाय

आमच्या सोसायटीत एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर काका राहतात. सातारला त्यांना सोडायचं होतं. म्हणाले, ‘बघू दे चावी.’ कात्रजपासून त्यांनी गाडी ऐंशीच्या वर नेली नाही. मी सुचवलं, जरा हाणा. ते म्हणाले, ‘ऐंशीचं शंभर केलंस तर वाऱ्याचा जोर दीडपटीहून वाढतो. तो ढकलायला डिझेल तुझं.’ समोर ट्रकचा ब्रेकलाइट दिसायच्या आत त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवरून उठलेला असे. ब्रेक त्यांनी मोजून अकरा वेळा लावला. मी मोजत होतो कारण करायला दुसरं काही नव्हतं.

खंबाटकी उतरताना मी न्यूट्रलचं ज्ञान पाजळलं. काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘गिअरमध्ये पाय सोडला की पंप डिझेल जवळजवळ तोडतो. न्यूट्रलला इंजिन जिवंत ठेवायला डिझेल लागतंच. वर गाडी धरायला इंजिनही नाही, नुसता ब्रेक. आणि इंजिन बंद केलंस तर ब्रेकला व्हॅक्युम कुठला? घाटात पैसे वाचवायचे नसतात बाबा, माणसं वाचवायची असतात.’

जाऊन-येऊन २२८ किलोमीटर, १२.४ लिटर. मी म्हणालो, ‘काका, अठरा पॉइंट चार!’ ते म्हणाले, ‘असं नाही सांगायचं. एसटीत आम्ही दहा लिटरला किती ते मोजतो. एकशे चौऱ्याऐंशी.’ मग थोडं थांबून: ‘एसी चालू होता. नाहीतर गेली असती पुढं.’

येताना निम्मी वाट मी चालवली होती, हे त्यांनी काढलं नाही.

पायरी ९: ॲव्हरेज सांगणं

हिशेब करा. महिन्याला हजार किलोमीटर धरले तर १३.८ वरून १६.१ वर येण्यानं दहाएक लिटर डिझेल वाचतं. पायरी १ मधला खर्च यातून साधारण वर्षभरात फिटतो.

आता लग्नाला जा. पंगतीत साडूभाऊ शेजारी येऊन बसतील. जिलबी वाढून होईपर्यंत थांबा. ‘काय, किती देते?’ असं ते विचारतील. त्यांची बावीस देते हे तुम्हाला माहीत आहे. ती टाकी फुल ते टाकी फुल काढली का, असं विचारू नका, लग्नघर आहे. खोटंही बोलू नका.

मी मठ्ठ्याचा घोट घेतला आणि शांतपणे म्हणालो, ‘दहा लिटरला एकशे एकसष्ट.’

साडूभाऊ अजून भागाकार करताहेत.