तीन पायांची मालमत्ता

आमच्या विभागातल्या खुर्ची क्रमांक 47 चा निर्लेखन प्रस्ताव चौथ्यांदा परत आला. शेरा एका ओळीचा आहे : ‘चौथा पाय तपासणीसाठी सादर करावा.’

चौथा पाय नाही म्हणून तर खुर्ची मोडीत काढायची आहे, असं मी नम्रपणे कळवलं होतं. त्यावर लेखा विभागाचं म्हणणं असं की, डेडस्टॉक रजिस्टरला ‘खुर्ची, सागवानी, 1 नग, 85 रुपये, सन 1987’ अशी नोंद आहे. पाऊण नग मोडीत काढायची तरतूद नाही. उरलेला पाव नग गहाळ धरला, तर जबाबदारी निश्चित करावी लागेल. म्हणजे माझी.

तिसऱ्या वेळी निर्लेखन समिती प्रत्यक्ष पाहणीला आली होती. लेखा विभागाचे एक, भांडार विभागाचे एक आणि एक तज्ज्ञ. खुर्च्यांचा तज्ज्ञ विद्यापीठात कुठून असणार? म्हणून भौतिकशास्त्राच्या सरांना धरून आणलेलं. सर अभ्यासू. त्यांनी खुर्चीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि लिहिलं की, एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच प्रतल जातं, त्यामुळे तीन पायांची वस्तू कधीही डुगडुगत नाही. डुगडुगते ती चार पायांची. विधान शंभर टक्के खरं. भांडारवाल्यांनी लगेच खाली ‘सबब वापरण्यायोग्य’ असं जोडलं. मग तिची स्थिरता सिद्ध करायला ते स्वतःच खुर्चीवर बसले, जरा मागे रेलले, आणि समितीची बैठक तहकूब झाली. इतिवृत्तात मात्र ‘चहापानानंतर बैठक संपली’ एवढंच आहे.

आमचा शिपाई म्हणाला, “सर, कशाला जीव जाळता? कोपऱ्यावरच्या सुताराकडून पाय बसवून आणतो, दीडशे रुपयांत.” भाबडा माणूस. पाय बसवला की खुर्ची दुरुस्त; दुरुस्त खुर्ची मोडीत निघत नाही. शिवाय 85 रुपयांच्या वस्तूवर दीडशेचा खर्च का केला, याचा खुलासा वेगळा. मूळ पाय वसतिगृहाच्या रखवालदाराकडे आहे, अशी कुणकुण लागली म्हणून मी तिकडेही जाऊन आलो. त्याच्याकडे एक दांडकं आहे खरं, सागवानीच आहे, कुत्री हाकलायला वापरतो. पण पांढऱ्या ऑइलपेंटचा नंबर खुर्चीच्या पाठीवर असतो, पायावर नसतो. तेव्हा ते दांडकं 47 चं की 52 चं, हे कोण सांगणार? 52 ला तर दोनच पाय आहेत.

फाटकाबाहेरून रोज सकाळी एक भंगारवाला हाळी देत जातो. पाच मिनिटांत वजन करून रोख पैसे मोजेल. पण तो एकटा आहे आणि दरपत्रकं तीन लागतात.

ही खुर्ची ज्या खोलीत पडून आहे, त्याच खोलीत सोळा जुने संगणकही आहेत, मागे ढेरी सुटलेल्या मॉनिटरवाले. त्या काचेत शिसं असतं. 1 एप्रिल 2023 पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले, हजार उपकरणं वापरणाऱ्या संस्थेनं असा माल नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरणवाला किंवा पुनर्चक्रणवाला यांनाच द्यायचा, हे सगळं मला पाठ आहे. उपयोग शून्य. कारण निर्लेखन होईपर्यंत तो कचराच नव्हे, मालमत्ता. शिशासकट.

इथवर हसून झालं. आता जे सांगतो ते हसण्यासारखं नाही. ही खोली मुळात वर्गखोली आहे. तिच्यात भंगार असल्यामुळे एम.ए.चा वर्ग व्हरांड्यात भरतो. तो घेणाऱ्या बाई नऊ वर्षं तासिका तत्त्वावर आहेत. सेट झालं, पीएच.डी. झाली. दर जुलैत पुन्हा मुलाखत, पुन्हा नवा आदेश, आणि उन्हाळ्यात एक पैसा नाही. दर एप्रिलात त्यांचं निर्लेखन होतं. त्याला समिती लागत नाही, तज्ज्ञ लागत नाही, कुठला पाय सादर करा असं कुणी म्हणत नाही. मोडक्या खुर्चीला नोंदवहीत अडतीस वर्षं कायमची जागा आणि शिकवणाऱ्या बाईला हजेरीपटावर नऊ महिन्यांची! लाज वाटायला हवी, पण तिच्यासाठीही बहुधा अर्थसंकल्पीय तरतूद लागत असावी.

असो. माझी जन्मतारीख शाळेत गुरुजींनी घातलेली, 1 जून. तेव्हा येत्या 31 मे रोजी मी निवृत्त. डेडस्टॉकचा चार्ज दिल्याशिवाय ना-देय दाखला नाही आणि दाखल्याशिवाय पेन्शनचे कागद हलत नाहीत. म्हणून वाचकांना हात जोडून विनंती : कुणाच्या माळ्यावर एखादा सागवानी पाय पडला असेल, दीडेक फूट, खाली किंचित निमुळता, तर पाठवून द्यावा. कुठून आणला, असं विचारणार नाही.